रोहिणीचं पाणी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत, वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला उभं राहण्याआधी सेक्रेटरींनी मला दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, वीस मिनिटांच्या वर जाऊ नका, कारण नंतर आइस्क्रीम आहे आणि ते थांबत नाही. दोन, पत्रिकेवर विषय 'हिंदू आणि बौद्ध विचार' असा छापला गेलाय, तो जरा मोठा झालाय, तेव्हा सांभाळून घ्या. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे सांभाळून घेण्याची सवय आहे. पण अडीच हजार वर्षांचं खातं वीस मिनिटांत तपासायचं, तर सगळ्या नोंदी बघता येणार नाहीत. एखादीच उघडावी लागेल. मी पाण्याची नोंद निवडली आहे. मे महिना चालू आहे, तुमच्यामागे आपल्या दोन टाक्या दिसताहेत, आणि खाली फाटकाशी आत्ताच टँकर येऊन गेला. तेव्हा विषय कुणाला परका वाटणार नाही.

नेपाळच्या तराईतून रोहिणी नावाची एक नदी वाहत येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. बुद्धांच्या काळी तिच्या एका बाजूला शाक्यांची शेती होती, दुसऱ्या बाजूला कोलियांची. दोघं एकमेकांचे सोयरे. परंपरा सांगते की बुद्धांचं आजोळच कोलियांचं. नदीवर एक बंधारा होता आणि त्याचं पाणी दोघं वापरत. एका वर्षी ज्येष्ठात पिकं सुकायला लागली. पाणी एकाच काठाला पुरेल एवढंच उरलं. इकडचे म्हणाले, आम्हाला घेऊ द्या, आमचं पीक एका पाण्यात हाताशी येतंय. तिकडचे म्हणाले, आमचंही तसंच आहे, मग आम्ही काय टोपल्या घेऊन तुमच्या दारी यायचं?

ही बोलाचाली शेतावर राबणाऱ्या माणसांमध्ये सुरू झाली. एकानं दुसऱ्याला मारलं. मग पाणी बाजूला राहिलं आणि एकमेकांची कुळं निघाली. तुमचे पूर्वज कोण, त्यांनी कोणाशी लग्नं केली, कोणाला कोड होतं, इथपर्यंत मजल गेली. ते कामगारांनी कारभाऱ्यांना सांगितलं, कारभाऱ्यांनी सेनापतींना, आणि सेनापतींनी राजेलोकांना. दोन्ही काठांवर शस्त्रं बाहेर निघाली.

पाली अट्ठकथांमधली ही गोष्ट पुढे सांगते की बुद्ध तिथे आले आणि त्यांनी राजेमंडळींना विचारलं, भांडण कशाचं आहे? मला या गोष्टीत सर्वात आवडतो तो पुढचा भाग. राजांना सांगता येईना. ते म्हणाले, सेनापतीला माहीत असेल. सेनापतीनं खालच्याकडे बोट दाखवलं. असं विचारत विचारत प्रश्न शेतावरच्या माणसांपर्यंत गेला, तेव्हा उत्तर मिळालं की महाराज, पाण्याचं. मग बुद्धांनी विचारलं, पाण्याचं मोल किती? थोडंसंच. आणि या माणसांचं? त्याला मोल नाही. मग थोडक्या मोलाच्या वस्तूसाठी अमोल वस्तू घालवायची हा कुठला हिशेब? भांडण तिथे थांबलं.

मंडळी, बँकेत मी बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर होतो. भावाभावांचे, भागीदारांचे वाद बघितले. मूळ रक्कम विचारली तर निम्म्या लोकांना आठवत नसे. व्याज मात्र प्रत्येकाला तोंडपाठ.

आता आपल्या रोहिणीकडे येतो. जुन्या सभासदांना २००३ सालचा उन्हाळा आठवत असेल. सोसायटीची नोंदणी होऊन चार वर्षं झाली होती. त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्रातच पाण्याची ओरड होती. आपल्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. भूमिगत टाकी एक, पंप एक, आणि वरच्या टाक्या दोन. ए विंगमध्ये चोवीस सदनिका, बी विंगमध्ये सोळा. मी खजिनदार होतो आणि राहायला ए विंगमध्ये. वेळापत्रक मीच केलं. दोन्ही टाक्यांना पंपाची सारखी वेळ, पाऊण पाऊण तास. मला वाटलं, याहून न्यायाचं काय असणार? उलट आमच्या विंगमधले लोक कुरकुरत होते की आम्ही संख्येनं जास्त असून वेळ सारखीच कशी.

तरी बी विंगची टाकी दुपारीच कोरडी पडायची. तिथल्या बायका बादल्या घेऊन खाली यायच्या. वॉचमन व्हॉल्व्ह फिरवताना गडबड करतो अशी शंका आली. त्याची आणि बी विंगमधल्या एका घरच्या कामवाल्या बाईंची जुंपली. शेवटी व्हॉल्व्हच्या पेटीला कुलूप घालायचं ठरलं. ते कुलूप मी आणलं आणि किल्ली माझ्या खिशात राहिली. रात्री साडेदहाला खाली जाऊन मी व्हॉल्व्ह फिरवायचो आणि फार मोठी सेवा करतोय असं मला वाटायचं.

मग सर्वसाधारण सभा झाली. याच जागी, याच सतरंज्यांवर. बी विंगमध्ये राहणारे आपले सर उठले. सर म्हटलं की आपल्याकडे एकच. माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे, ते. आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि पुढचं जे सांगणार आहे ते मी काल त्यांच्या घरी जाऊन, त्यांना विचारून सांगतोय.

सरांच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. ते म्हणाले, वेळ सारखी असली तरी पाणी सारखं मिळत नाहीये. तेवढ्यात आमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, त्यांच्या बाजूनं कुणीतरी उत्तर दिलं, आणि बघता बघता आवाज चढले. एक-दोन शब्द असे आले, जे पाण्याबद्दल नव्हते. रोहिणीकाठी जे झालं तेच. मी घाबरलो. वातावरण निवळावं म्हणून हसत हसत म्हणालो, "अहो सर, तुमचा बुद्ध म्हणजे आमच्या विष्णूचाच नववा अवतार. आपण सगळे एकच. मग भांडायचं कशाला?"

लोक हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं, कागद खिशात ठेवला आणि खाली बसले. ठराव माझ्या वेळापत्रकाप्रमाणे मंजूर झाला. त्या रात्री मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज मी सभा वाचवली."

सर त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे भांडलेही नाहीत. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, तेवढंच. दिवाळीत त्यांच्या मुलीनं फराळाच्या डब्याबरोबर एक पुस्तक आणून दिलं. धर्मानंद कोसंबी यांचं 'भगवान बुद्ध'. चिठ्ठी वगैरे काही नाही.

धर्मानंदांचं नाव मी ऐकून होतो. गोव्यातल्या साखवाळला १८७६ साली एका सारस्वत कुटुंबात जन्मलेला हा माणूस. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून घर सोडून निघाला, पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत पोचला, तिथे पाली शिकला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं, अमेरिकेत हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथांचं संपादन केलं. मराठी माणसाला बुद्ध मराठीत वाचायला मिळाले ते मुख्यतः यांच्यामुळे. आणि आपण त्यांना किती वाचलं? मी तर त्या दिवाळीपर्यंत एक पानही वाचलं नव्हतं.

पुस्तकात मला दोन गोष्टी सापडल्या. पहिली अशी. सिद्धार्थानं घर का सोडलं, हे आपण शाळेत शिकलो ते म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून. धर्मानंद सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे लक्ष वेधतात. तिथे बुद्ध स्वतःच्या वैराग्याचं कारण सांगतात ते वेगळंच. आटत चाललेल्या पाण्यात मासे जसे तडफडतात, तशी एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली माणसं बघून मला भीती वाटली, असा त्याचा आशय आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हाच प्रश्न विचारला की एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोपर्यंत म्हातारा किंवा मेलेला माणूस बघितलाच नसेल हे कसं मानायचं? त्यांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ हा शाक्य संघाचा सभासद आहे. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायचा ठराव संघापुढे येतो. सिद्धार्थ विरोध करतो, दोन्ही बाजूंची चौकशी करा म्हणतो. मतदान होतं आणि तो अल्पमतात जातो. युद्धात जायचं नसेल तर देहदंड किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती, अशी वेळ येते. तो परिव्राजक होऊन देश सोडतो.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं, मंडळी. सर्वसाधारण सभा, ठराव, अल्पमत. चौकशी करा म्हणणारा एक माणूस, आणि बाकी सगळ्यांचे हात वर.

दुसरी गोष्ट त्या पुस्तकात छापलेली नव्हती. पानांमध्ये खूण म्हणून घडी घातलेला एक कागद होता. तो सभेतला कागद. त्यावर सरांच्या शिक्षकी अक्षरात गणित होतं. ए विंगच्या टाकीला जाणारा पाइप दीड इंची, बी विंगचा एक इंची. बिल्डरनं तसेच घातलेले. दीड इंची पाइपाचा छेद एक इंची पाइपाच्या सव्वादोन पट असतो. म्हणजे पाऊण पाऊण तासात बी विंगला आमच्या निम्म्याहून कमी पाणी. आणि सदनिकांच्या हिशेबानं मिळायला हवं होतं दोन तृतीयांश. चार ओळींचं गणित. ते सभेत वाचलं गेलं असतं तर पाच मिनिटांत प्रश्न मिटला असता. सरांनी कागद मुद्दाम ठेवला होता की चुकून राहिला, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मी त्याच संध्याकाळी सरांकडे गेलो. म्हणालो, "पाइपाचं मला कळलं, माझी चूक झाली. पण नववा अवतार म्हटलं तर तुम्हाला एवढं काय लागलं? मी तर मानानंच म्हणालो."

सरांनी आधी चहा सांगितला. मग म्हणाले, "१४ ऑक्टोबर १९५६ ला मी चार वर्षांचा होतो. नागपूरला वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती गर्दी बघितली. काही कळत नव्हतं. पण वडील घरी येऊन म्हणाले ते आठवतं, की आजपासून आपण कुणाच्या ओसरीवर नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक अशी आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. ती उगाच नाही. साहेब, तुम्ही सोसायटीचे खजिनदार. एखाद्यानं पै पै करून स्वतःचं घर घेतलं, कागदपत्रं नावावर केली, आणि शेजाऱ्यानं येऊन प्रेमानं सांगितलं की हे घर म्हणजे आमच्याच वाड्यातली नववी खोली, तर त्याला कसं वाटेल?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बँकेतर्फे मी तीन वर्षं नागपूरला होतो. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारे लोंढे बघितले होते, रस्ता बंद असतो म्हणून चिडलोही होतो. माझ्या खोलीपासून ती जागा दहा मिनिटांवर होती. तीन वर्षांत एकदाही आत गेलो नाही.

मग मी जरा अभ्यास केला. निवृत्त व्हायला अवकाश होता, पण रविवार होते. अवताराची गोष्ट मी समजत होतो तेवढी सरळ नव्हती. भागवत पुराणात बुद्धावताराचं प्रयोजन काय सांगितलंय? देवांच्या शत्रूंना मोहात पाडणं. विष्णुपुराणात मायामोहाची कथा आहे, तीही त्याच वळणाची. म्हणजे मी ज्याला मान समजत होतो, त्याच्या पोटात हा काटा होता. दुसरीकडे बाराव्या शतकातल्या जयदेवानं गीतगोविंदात बुद्धाला दशावतारात घेतलं ते यज्ञातली पशुहिंसा पाहून कळवळलेला म्हणून. तिथे काटा नाही. आणि आपल्याकडे नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या अभंगांत विठ्ठलालाच बौद्ध म्हटलेलं सापडतं. जुन्या पंचांगांवर दशावताराची चित्रं असत, त्यांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठोबा असे. माझ्या आईच्या देवघरात असं एक चित्र होतं. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथात हे सगळं सविस्तर आलंय, जिज्ञासूंनी जरूर वाचावं.

थोडक्यात, एकच वाक्य कुणी तुच्छतेनं म्हटलं, कुणी भक्तीनं म्हटलं. आणि मी म्हटलं ते एका माणसाचा रास्त मुद्दा बंद करायला. सगळे धर्म एकच, आपण सगळे एकच, ही वाक्यं वाईट नाहीत. पण ती कोण बोलतोय आणि कधी बोलतोय, हे बघावं लागतं. ज्याच्या टाकीत पाणी आहे त्यानं कोरड्या टाकीवाल्याला 'आपण एकच' म्हणून गप्प करू नये.

आता कुणी विचारेल, मग साम्य काहीच नाही का? आहे ना. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या परिशिष्टात गीता आणि बौद्ध ग्रंथ यांची तुलना केली आहे. निर्वाण हा शब्द गीतेतही येतो. पण मला स्वतःला जे साम्य उपयोगी पडलं ते रागाच्या बाबतीतलं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक साखळी आहे. एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतला की तिच्याबद्दल आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून भ्रम, आणि शेवटी बुद्धीचा नाश. बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादातही साखळीच आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून घट्ट धरून ठेवणं, आणि त्यातून पुढचं दुःख. दोघांचं सांगणं असं की राग आकाशातून पडत नाही, तो कड्याकड्यांनी येतो, आणि म्हणून वेळीच एखादी कडी सोडवता येते. चक्रवाढ व्याजासारखंच. पहिल्या महिन्यात फेडलं तर काही नाही, दहा वर्षांनी घर विकावं लागतं.

कुरुक्षेत्र हेही भाऊबंदांचंच भांडण. पण गीतेच्या आधी उद्योगपर्व आहे, हे आपण विसरतो. कृष्ण शिष्टाईला गेला होता. अर्धं राज्य नाही तर निदान पाच गावं द्या, एवढ्यावर पांडव यायला तयार होते. सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती देणार नाही, असं दुर्योधन म्हणाला, तेव्हा युद्ध झालं. हे मी सरांना सांगितलं. ते गीतेला युद्धाचं पुस्तक म्हणायचे. त्यांना मी विनोबांची 'गीता प्रवचने' वाचायला दिली, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली. त्यांनी ती पूर्ण वाचली, परत केली आणि म्हणाले, "विनोबा आवडले. गीतेबद्दलचं मत तेच आहे."

मतभेद आहेतच आणि ते लहान नाहीत. मी आत्मा मानतो, देव मानतो. सर दोन्ही मानत नाहीत, कारण बुद्धांनी असा कायम टिकणारा आत्मा मानलेला नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं बुद्धांनी साफ नाकारलं. विनयपिटकात कथा आहे. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमच्याबरोबरच्या उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. आमच्या परंपरेत संतांनी पुष्कळ केलं, पण ही विनंती करणारे राजपुत्र मला आमच्याकडे फारसे भेटले नाहीत. हे कबूल करताना मला कमीपणा वाटत नाही. आणि सरही कबूल करतात की तुकोबा वाचताना आपण कुणा परक्याचं वाचतोय असं त्यांना वाटत नाही. वीस वर्षं आमचे वाद चालू आहेत. गॅलरीत, चहाबरोबर.

पाइपाचं काय झालं ते सांगून संपवतो. जानेवारी २००४ मध्ये बी विंगला दीड इंची पाइप घातला आणि दोन्ही टाक्यांना बाहेरून पातळी दिसणारी नळी लावली. वेळ मोजणं बंद करून पाणी मोजायला सुरुवात केली. चेकवर सही माझी आहे. इतिवृत्तात 'तांत्रिक कारणास्तव पाइप बदलण्यात आला' असं लिहिलंय. तेही मीच लिहिलं. ते अर्धसत्य आहे. सरांचा हिशेब बरोबर होता आणि तो सभेनं ऐकला नाही, हे त्यात कुठेच नाही. चूक मी त्यांच्या घरात, चहा पिताना कबूल केली. पण टोमणा मारला होता चाळीस कुटुंबांसमोर. चुकीची नोंद ज्या वहीत पडली, दुरुस्ती त्याच वहीत करायची असते, हे बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला एकवीस वर्षं लागली. सर, सभेसमोर तुमची माफी मागतो.

आणि एक. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. टँकरचा खर्च कसा वाटायचा हा विषय पत्रिकेवर आहे. कुणी म्हणतंय घरटी सारखा, कुणी म्हणतंय नळांच्या संख्येवर, उपविधीत पाणीपट्टीचं आहे तसा, कुणी म्हणतंय माणसांवर. खालच्या मजल्यावर एकटी राहणारी एक आजी आहे, तिनं मला विचारलं, "मी दोन बादल्या वापरते, मी किती द्यायचं?" मला उत्तर माहीत नाही. माझी विनंती एवढीच की त्या दिवशी ज्याच्या हातात कागद असेल त्याला तो पूर्ण वाचू द्या. मग हात वर करा.

वीस मिनिटं संपली. आइस्क्रीम यायला हरकत नाही.

सर्वांना नमस्कार. सर, जय भीम.